कॉर्ड मेमरी: एका बोटाने कॉर्ड वाजवणं, हे वाजवणं आहे का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)
पॉलिफोनिक सिंथवर (एका वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या सिंथेसायझरवर) कॉर्ड मेमरीचं बटण कशाला, हे मला पटत नाही. एक कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरायची, बटण दाबायचं, मग कुठलीही पट्टी दाबली की त्या स्वरावर तीच कॉर्ड. आणि तीच म्हणजे अगदी तीच! सी-ई-जी साठवून डी दाबला तर डी-एफ शार्प-ए येणार. सी मेजरमध्ये तिथे साधा एफ हवा. यंत्राला स्केल कळतच नाही, फक्त स्वरांमधली अंतरं कळतात. वर सहा व्हॉइसचं, म्हणजे एका वेळी सहा स्वर वाजवणारं, वाद्य विकत घ्यायचं आणि त्याला एका वेळी एकच पट्टी ऐकायला लावायची. त्यापेक्षा हात तयार करा.

फिल्टरवाला
हात तयार आहेत हो, पण दोनच आहेत. एका बोटावर कॉर्ड आली की दुसरा हात कटऑफवर (आवाज उजळ-मंद करणाऱ्या फिल्टरच्या नॉबवर) मोकळा राहतो.

दुसरं म्हणजे ती 'कॉर्ड' आहे असं धरूनच का चालायचं? कॉर्गच्या मोनो/पॉलीत (१९८१) ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारे भाग) ४ आणि फिल्टर एकच. तिथे कॉर्ड मेमरी लावली की चारही स्वर त्या एकाच फिल्टरमधून एकत्र उघडतात-मिटतात आणि कानाला एकच जाड आवाज लागतो. पाइप ऑर्गनच्या मिक्स्चर स्टॉपमध्ये शतकानुशतकं हेच चाललंय: एक पट्टी दाबली की वरचे पंचम आणि अष्टक आपोआप सोबत वाजतात, समांतर. त्याला कोणी आळस म्हणत नाही.

मंद्रसप्तक
ऑर्गनचं उदाहरण सोयीचं निवडलंत. ते वरचे स्वर मूळ स्वरात विरघळावेत म्हणूनच असतात. तुम्ही मायनर सेव्हन्थ (सी-ई फ्लॅट-जी-बी फ्लॅट अशी चार स्वरांची कॉर्ड) साठवता. ती कशात विरघळणार?

तिसरी_फ्रेट
मी मंद्रसप्तक यांच्या बाजूने. सी मेजरवरून एफ मेजरवर जाताना सी हा स्वर दोन्हीत आहे. चांगला वादक तो धरून ठेवतो, ई आणि जी फक्त एकेक पायरी वर सरकवतो, आणि सी-एफ-ए मिळते. कॉर्ड मेमरीत तिन्ही स्वर उचलून एकदम वर फेकले जातात. आतल्या स्वरांना स्वतःची चाल अशी राहतच नाही. नवा माणूस वर्षभर असं वाजवत राहिला तर त्याच्या कानाला ती चाल कधी ऐकूच येणार नाही, ही माझी खरी तक्रार.

सॉटूथ
मग तिसरा स्वर (थर्ड, म्हणजे सी-ई-जी मधला ई) साठवूच नका ना! भांडण मेजर-मायनरचं आहे, आणि ते त्या एका स्वरामुळे. सस-फोर ठेवा, सी-एफ-जी. पांढऱ्या सात पट्ट्यांपैकी सी, डी, ई, जी, ए या पाचांवर ती स्केलमध्येच राहते, फक्त एफ आणि बी टाळायचे. मायनर सेव्हन्थ मात्र डी, ई आणि ए एवढ्या तीनच ठिकाणी बसते. हे एकदा डोक्यात असलं की बटण आंधळं राहत नाही.

हाउस-टेक्नोमध्ये तर स्केलबाहेर जाणं हीच मजा. सॅम्पलरमध्ये एक मायनर कॉर्ड भरून ती वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवायची, यातूनच ते सरकते स्टॅब (तुटक, ठोसेदार कॉर्ड) आले. तिथे 'योग्य' एफ वाजवलात तर सगळी धार जाईल.

फिल्टरवाला
आणि ग्लाइड! याबद्दल कोणी बोलतच नाही. पॉली मोडमध्ये पोर्टामेंटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे हाच ग्लाइड) लावून हाताने कॉर्ड बदला: प्रत्येक व्हॉइस तिने आधी जो स्वर वाजवला असेल तिथून निघते, कोण कुठून येईल सांगता येत नाही, गिचका होतो. कॉर्ड मेमरीत सगळे स्वर आपापलं अंतर राखून एकत्र घसरतात. हातांनी हे करून दाखवा.

तिसरी_फ्रेट
ग्लाइडचा मुद्दा मान्य. पण तो इफेक्ट झाला, हार्मनी नव्हे. पूर्ण गाणं त्यावर ओढलं की तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो.

सॉटूथ
इफेक्टच म्हणा, हरकत नाही. अजून एक गंमत, थोडं विषयांतर. ज्या सिंथवर प्रत्येक ऑसिलेटरला वेगळा ट्यून नॉब आहे, तिथे मेजर कॉर्ड साठवून तिसऱ्या स्वराचा ऑसिलेटर साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली आणा. कीबोर्डचा तिसरा स्वर ४०० सेंटवर असतो, शुद्ध तिसरा ३८६ वर. आता कुठलीही पट्टी दाबा, त्या कॉर्डचा तिसरा शुद्धच लागतो. हाताने वाजवताना हे जमत नाही, कारण तीच ई पट्टी एका कॉर्डमध्ये तिसरा असते आणि दुसरीत मूळ स्वर.

मंद्रसप्तक
हे मात्र करून बघणार. पण त्यासाठी बटण हवं की ट्यून नॉब, हे तुम्हीच ठरवा. बेस वाजवायला डावा हात लागतो आणि कॉर्ड मेमरी सगळा कीबोर्ड गिळून बसते, त्याचं काय?

फिल्टरवाला
बेस दुसऱ्या सिंथवर.

मंद्रसप्तक
म्हणजे एका बटणासाठी दुसरं वाद्य. वा!