मदत हवी आहे: अस्सल गावरान कोंबडा कुठे मिळेल?

राम राम मंडळी. मी मोहोळ तालुक्यातला. अंडी जास्त मिळतात म्हणून मध्यंतरी वनराजा अन् गिरीराज या सुधारित जातींचे कोंबडे आणून सोडले, सगळी सरमिसळ झाली. आता त्या सरमिसळीतली एकही कोंबडी धड खुडूक बसत नाही, मग २१ दिवस अंडी उबवणार कोण?

अस्सल गावरान म्हणावी अशी एकच तांबडी उरलीय. घार दिसली की बारकी पिलं घेऊन थेट कडब्याच्या गंजीत शिरते. माझ्या आईचा तिच्यावर भारी जीव.

मंगळवेढा-सांगोल्याकडं कुणाकडं जुन्या वाणाचा कोंबडा आहे का? मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेला असावा. तांबडीच्या नात्यातला नको म्हणून गावातला घेत नाही.

आणि शेजाऱ्यांना कसं पटवू? म्हणतात, "कोंबडीचा कसला आलाय वाण?"