शाळेला कमान हवी की पालक? गणपतीतल्या सभेवरून पडलेला प्रश्न

सड्यावरचा

गणपतीत आमच्या मुंबई मंडळाची देवळात सभा झाली. देवगड तालुक्यातलं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. विषय एकच होता, जिल्हा परिषदेच्या शाळेला कमान. एक लाख ऐंशी हजार जमलेत. चिऱ्याचे दोन खांब, वर गावाचं नाव, खाली देणगीदारांची यादी, आणि नारळ वाढवायला कोण साहेब मिळतो ते बघायचं. मी उठून विचारलं, शाळेत पोरं किती? साठेक माणसं बसली होती. एकालाही आकडा सांगता आला नाही.

११. पहिली ते चौथी मिळून.

मग दोन दिवस घरोघर फिरलो. आरतीला जायचंच होतं, त्यातच काम उरकलं. पहिली ते चौथीच्या वयाची गावची पोरं २३ निघाली. त्यातली १९ सकाळी साडेसातला व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. गावच्या शाळेत गावची फक्त चार. मग उरलेली सात कोणाची? आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची तीन, चार कर्नाटकातून चिरेखाणीवर आलेल्यांची. ही सात नसती तर शाळेला केव्हाच कुलूप लागलं असतं. आपल्या आजोबांनी श्रमदानाने बांधलेली शाळा आज राखणदाराची पोरं राखतायत. हे मंडळाच्या अहवालात कुठेच नाही.

आता खरा मुद्दा. शाळेत व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश माणसं शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आमच्या शाळेच्या भिंतीवरचा फळा वाचला. पालक म्हणून लिहिलेल्यांपैकी दोघांची पोरं व्हॅनने जातात. नेपाळी एक नाही, खाणीवरचा एक नाही.

माझं म्हणणं एवढंच. कमान रद्द करा. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, खोपटांतून शाळा अडीच किलोमीटर आहे, पावसात मधला वहाळ (ओढा) भरला की ती पोरं घरीच. एक रिक्षा लावली तर महिन्याला चार हजार, दहा महिन्यांचे चाळीस हजार. जमलेल्या पैशांत साडेचार वर्षं निघतात. आणि त्या सातांच्या आईबापांना समितीत घ्या. बोला.

---

चाकरमानी_लालबाग

सभेत मीही होतो. तू उठून बोललास ते बरं केलंस, पण अर्धंच बोललास.

पैसा आमचा आहे. भाड्याच्या खोलीत राहून, ओव्हरटाइम करून दिलेला. ज्या शाळेत धुळाक्षरं गिरवली तिच्या दारात आपलं नाव असावं असं वाटलं तर त्यात पाप काय? दुसरं, तुला कमान म्हणजे हौस वाटते, मला ती कुंपण वाटते. पट कमी झाला की शाळा बंद करायला माणसं येतात. पडकी शाळा बंद करणं सोपं असतं. रंगवलेल्या, कमानीच्या शाळेसमोर गाडी उभी राहिली की साहेबालाही कळतं, ह्या शाळेला वाली आहे, फोन येतील.

आणि राखणदार समितीत? आज इथे, उद्या दुसऱ्या बागायतदाराकडे. खाणवाला तर पाऊस लागला की गेला. शाळेचा कारभार अशा माणसाच्या हातात द्यायचा जो जूनमध्ये गावात असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही?

---

आंबोळी_उसळ

मी त्या १९ मधल्या एकाची आई. आमच्यावर कोणी थेट बोललं नाही, पण "व्हॅनने जातात" हे ज्या सुरात लिहिलंय तो सूर कळतो हो.

माझा मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा तालुक्याच्या शाळेची नर्सरी त्याला घ्यायला तयार होती. जिल्हा परिषदेची शाळा सहाव्या वर्षी घेते. मधे अंगणवाडी. आमची अंगणवाडी शाळेपासून पाऊण किलोमीटर, देवळाच्या धर्मशाळेत, आणि तिथे खिचडीपलीकडे काही होतं असं मला दिसलं नाही. तीन वर्षं तो व्हॅनने गेला, मित्र झाले, बाई ओळखीच्या झाल्या. सहाव्या वर्षी त्याला त्यातून उपटून गावच्या शाळेत लावू? कशासाठी, गावाचा मान राहावा म्हणून?

लोक म्हणतात इंग्रजीचं वेड. असेलही थोडं. पण आमच्याकडे पोर पहिलीत हरवत नाही, तिसऱ्या वर्षीच हातचं जातं. शाळेच्याच पडवीत अंगणवाडी आणा, तिथे गाणी-गोष्टी-रंग सुरू करा, मग बघा व्हॅन किती भरते ते. कमान आणि रिक्षा दोन्ही उशिराचे उपाय.

आणि हो, व्हॅनचे महिन्याला नऊशे मीच भरते, काजू सोलून. हौस म्हणून कोणी भरत नाही.

---

सड्यावरचा

@आंबोळी_उसळ, सूर चुकला असेल तर माफी. तीन वर्षांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, खरंच. घरोघर फिरताना मी सहाच्या वरचीच पोरं मोजली, त्याखालची मोजलीच नाहीत.

@लालबागदादा, राखणदाराचं घर बागेतच असतं, बारा महिने. हंगामाला मालक मुंबईहून येतो, राखणदार नाही. आमच्या बाजूच्या बागेतला तर नऊ वर्षं आहे, त्याची थोरली मुलगी आठवीत शिकते. खाणवाल्यांचं म्हणाल तर खरं आहे, पावसात खाण बंद, दसऱ्यानंतर परत. पण वर्ष सुरू झाल्यावर कधीही आलं तरी प्रवेश नाकारता येत नाही असं त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. ज्यांच्यासाठी कायद्याने दार उघडं ठेवलंय त्यांना आपण ओसरीवरच बसवतोय.

---

निवृत्त_खडू

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, त्यातली अकरा एकशिक्षकी शाळेत. म्हणून जरा कडू बोलतो.

११ पोरांची शाळा वाचवण्याचा हा सगळा अट्टहास पोरांसाठी नाही, गावासाठी आहे. चार इयत्ता एका खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तोवर चौथीला भागाकार, मधल्या दोघी आपापसात भांडतायत. बहुवर्ग अध्यापन असं कागदावर सुंदर नाव आहे त्याला. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिने कोणाशी स्पर्धा करायची, कोणाकडे पाहून लिहायचं? खो-खोची एक टीमसुद्धा होत नाही.

२०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार मांडला, पानशेतचं उदाहरण दिलं, तेव्हा सगळीकडून ओरड झाली. मी ओरडलो नाही. चार वाड्यांची चाळीस-पन्नास पोरं एका शाळेत, प्रत्येक वर्गाला बाई, ग्रंथालय, मैदान, आणि न्यायला-आणायला गाडी. तुमची रिक्षा त्या शाळेला लावा की! आमच्या पिढीने तर चालत शिक्षण घेतलं. महर्षी कर्वे मुरूडहून परीक्षेला साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. शाळा दारात असलीच पाहिजे हा हट्ट नवा आहे.

---

खाडीपलीकडे

खडू गुरुजी, कर्व्यांची गोष्ट पुरी सांगा. एवढं चालून गेले आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. अंतराने शिक्षण होतं याचा हा दाखला असेल तर मग झालंच! शिवाय ते तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. इथे सहा वर्षांची पोर आहे, जुलै महिना आहे, आणि वहाळावरच्या साकवाची (छोट्या पुलाची) एक फळी गेल्या वर्षीपासून गायब आहे.

पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम कोणी हौसेने केला नाही. घाटावर एक किलोमीटर म्हणजे सपाट रस्ता. आमच्याकडे एक किलोमीटर म्हणजे एक घाटी उतार, एक वहाळ आणि परत चढ. समूह शाळेची गाडी पहिली दोन वर्षं येईल. तिसऱ्या वर्षी डिझेलचं बिल थकेल आणि पोरगी घरी भांडी घासेल.

---

निवृत्त_खडू

डिझेलचं बिल थकेल ही भीती खरी आहे, नाकारत नाही. पण मग तुमच्या मंडळाची रिक्षा साडेचार वर्षांनी काय करणार आहे?

---

घाटावरच्या_बाई

मी अशाच एका शाळेत शिकवते, ह्या गावातल्या नाही. माझं माहेर-सासर दोन्ही घाटावर. लागले तेव्हा "खयं गेल्लंस?" (कुठे गेली होतीस?) हा प्रश्न कळायला मला दोन महिने लागले, आणि तो मला पहिलीतल्या पोरांनी शिकवला.

पालक येत नाहीत असं आम्ही शिक्षक फार म्हणतो. मीही म्हणायचे. आता आधी आमच्या बाजूचं सांगते. कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंत पटाला दोन शिक्षक लिहिलेत. प्रत्यक्षात दुसरा माणूस आंतरजिल्हा बदलीने गावी गेला की ती जागा किती दिवस रिकामी राहील ते कोणी सांगत नाही. (मीही अर्ज भरलाय. खोटं कशाला बोलू.) उरलेल्या एकीने पोषण आहाराची रोजची नोंद करायची, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरायची, निवडणूक आली की घरोघर फिरायचं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम शिक्षकाला देऊ नये असं कायदा म्हणतो. ह्या तिघांतच वर्ष कसं सरतं ते शाळेत येऊन बघा.

मग समितीची बैठक म्हणजे काय उरते? सही. वही घेऊन मीच घरोघर गेले आहे, हे कबूल करते. ज्यांच्या सह्या पटकन मिळतील अशी नावं समितीत येतात. नेपाळी बाई येत नाही कारण तिला कोणी बोलावत नाही, आणि तिला बोलावत नाही कारण तिच्याशी बोलायला अर्धा तास जास्त लागतो. तो अर्धा तास माझ्याकडे नव्हता.

एकदाच वेगळं घडलं. २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे आणि माता गट सुरू झाले. मेळाव्याचा रंगीत फलक मी कंटाळूनच लावला होता. पण नंतर तीन आया दर शनिवारी एकीच्या ओटीवर बसायला लागल्या. खडे मोजणं, पानं लहान-मोठी लावणं, वर्तमानपत्रातलं "क" शोधणं. त्यातली एक स्वतः चौथी नापास. तिची पोर पहिलीत आली ती शंभरपर्यंत मोजतच आली. त्या गटाला सरकारी पैसा लागला नाही आणि मंडळाचाही नाही.

---

चाकरमानी_लालबाग

बाई, तुम्ही प्रामाणिक लिहिलंत. पण मग सगळं वाईटच आहे का? २०१२ साली कोकणचं वेगळं बोर्ड झालं तेव्हापासून दहावीत आपण राज्यात पहिले. २०२४ ला ९९.०१ टक्के. ही पोरं पहिलीत काय ऑक्सफर्डला होती? ह्याच कौलारू शाळांतून गेलेली.

---

आंबोळी_उसळ

दादा, दहावीचा टक्का बघून माझ्या पहिलीतल्या मुलाला शाळा निवडू? आणि तो पहिला नंबर काढलेली पोरं पुढे कुठे गेली? तुमच्याच बाजूच्या खोलीत, लालबागला.

---

खाडीपलीकडे

हा हा. इथेच धागा बंद केला तरी चालेल.

---

अध्यक्षीणबाय

मी त्या समितीची अध्यक्ष आसंय. होय, ह्याच शाळेची. नवरो मोबाईलवर वाचून दाखवी होतो, म्हटलं आता मी सांगतंय ता लिव.

माका अध्यक्ष केल्यानी तेव्हा सांगल्यानी, बाई होयी आसा, तू बस. दीड वर्स झाला. सह्यो माझ्यो पंधरा झाल्यो, बैठको खऱ्या झाल्यो चार. सकाळी अकराक बैठक लावतत. अकराक मी खयं असतंय? बागेत, नायतर कापणीक. मगे वही घराक येता.

नेपाळणीक मी वळखतंय. तिचो झील आणि माझा चेडू एकाच बाकार बसतत. तिका आमची भाषा बरी येता, वाचूक येणा नाय. माका तरी सगळा खय येता? गेल्या पावसात वहाळ भरलो तेव्हा तिनाच चार पोरांक हात धरून पलीकडे घातल्यान, त्यात माझा पण होता. ता तुमच्या अहवालात इला नाय, कमानीवर पण येवचा नाय.

कमान तुमी बांधा नायतर नको, माझा काय जाता? रिक्षाचा मागाहून बघू. माका दोन गोष्टी होयी. एक, बैठक सांजची सातांक, म्हणजे खाणीवरची माणसा पण येतली. दोन, वहीत काय लिवलाहा ता सही करुच्या आदी मोठ्यान वाचून दाखवा.

---

सड्यावरचा

अध्यक्षीणबाय, गाववाले असून मी तुमच्याकडे आरतीला आलो आणि पोरं मोजून गेलो, हे विचारलंच नाही. चुकलं. वही वाचायला मी येतो. पुढची बैठक कधी?

---

चाकरमानी_लालबाग

सातला मी लोकलमध्ये असतो. व्हिडिओ कॉल लावा, मंडळातर्फे मी बसतो.

---

सड्यावरचा

बसा, पण ऐकायला. तुमचं पोर त्या शाळेत नाही, त्यामुळे मत नाही. माझंही नाही.

---

चाकरमानी_लालबाग

बरं. आणि तो साकव? फळीला किती लागतील ते कोणीतरी विचारून ठेवा.

---

अध्यक्षीणबाय

येत्या शनवारी सात. व्हिडिओ लावतलास तर चिंचेखाली लावा, शाळेत रेंज नाय.