मदत हवी आहे: बहुमत विरोधात असूनही 'नो-डील' ब्रेक्झिट नुसत्या ठरावाने का थांबत नव्हतं?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या अभिरूप संसदेसाठी यंदा मुलांनी ब्रिटनचं हाउस ऑफ कॉमन्स निवडलंय, काळ सप्टेंबर २०१९. मी राज्यशास्त्र शिकवते, पण माझा विषय भारतीय संविधान. तिकडच्या सभागृहाचे नियम वरवरच माहीत आहेत आणि तालीम नेमकी तिथेच अडली आहे.

झालं असं, की विरोधी बाकांवरची मुलं आणि सत्ताधारी पक्षातले नाराज मिळून बहुमतात आहेत. त्यांनी 'कराराशिवाय युरोपीय संघातून बाहेर पडू नये' असा ठराव मांडला, जिंकला, बाकं वाजवली. त्यावर पंतप्रधान झालेली मुलगी म्हणाली, "ठीक, नोंद घेतली. ३१ ऑक्टोबरला आपण बाहेर पडतोय." पुढे कुणालाच काही सुचेना.

मला गोंधळात टाकणारी गोष्ट ही: १५ जानेवारी २०१९ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला. १३ मार्चला त्याच सभागृहाने नो-डीलही ३२१ विरुद्ध २७८ मतांनी नाकारलं. तरी धोका टळला नाहीच. मग ठराव पुरत नसेल तर नक्की काय लागतं? सरळ अविश्वास आणून सरकार का पाडलं नाही? आणि व्हिप मोडणाऱ्यांची खासदारकी जाते का? (आमचे फुटीर आपलं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आठवून कच खातात.)

तारखा विकिपीडियावर मिळतात, मला खाचाखोचा हव्यात. आगाऊ धन्यवाद.

टेम्सकाठचा:
तुमच्या पंतप्रधानबाईंचं बरोबर आहे! नो-डील कुणी मंजूर करण्याची गरजच नव्हती, कुणी काही केलं नाही तर ते आपोआप होणार होतं. मार्च २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ५० ची, म्हणजे बाहेर पडण्याची, नोटीस दिली तेव्हाच दोन वर्षांची मुदत लागली होती; ती पुढे वाढत ३१ ऑक्टोबर २०१९ वर आली. नो-डील टाळायचं तर करार मंजूर करा, मुदत वाढवून घ्या (त्याला उरलेल्या सगळ्या २७ देशांचा होकार लागतो), नाहीतर नोटीसच मागे घ्या. यातल्या कशालाही सरकारने हालचाल करावी लागते. ठरावाने सभागृहाचं मत कळतं, पंतप्रधानाचा हात धरून पत्र लिहवून घ्यायला कायदाच हवा.

आता खरी मेख. कॉमन्सच्या स्थायी आदेश १४ प्रमाणे कामकाजात प्राधान्य सरकारी कामाला. म्हणजे विधेयक तयार आहे, मतं आहेत, पण मांडायला दिवसच नाही. म्हणून पहिली लढाई विधेयकाची नसते, कामकाजपत्रिकेची असते. २५ मार्चला ऑलिव्हर लेटविन यांनी दुरुस्ती आणून ती ३२९ विरुद्ध ३०२ ने ताब्यात घेतली. मिळालेल्या दिवशी सभागृहाने आठ पर्याय मतास टाकले आणि आठही पाडले, ते सोडा. (मला तर हसू आलं होतं.) ३ एप्रिलला मात्र यवेट कूपर यांचं मुदतवाढीचं विधेयक कॉमन्समध्ये एका दिवसात पार झालं, शेवटचं मतदान ३१३ विरुद्ध ३१२. हा प्रवेश मुलांकडून जरूर करून घ्या.

सप्टेंबरात वेळ त्याहून कमी, कारण नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन संसद स्थगित करणार होते. तेव्हा स्थायी आदेश २४ खालच्या तातडीच्या चर्चेचा उपयोग झाला. एरवी ही चर्चा नुसती बोलण्यापुरती. स्पीकर बर्को यांनी तिच्यातून कामकाज ताब्यात घेऊ दिलं. नियम वाकवला असं म्हणणारे आजही आहेत, आणि माझ्या मते त्यांचं अगदीच चूक नाही. ३ सप्टेंबरला ३२८ विरुद्ध ३०१ ने ताबा, दुसऱ्याच दिवशी हिलरी बेन यांचं मुदतवाढीचं विधेयक ३२७ विरुद्ध २९९. वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, दुरुस्त्यांचा ढीग टाकून वेळ खायचा बेत होता, तो मध्यरात्र उलटल्यावर सरकारने सोडला.

कायदेपंडित_नव्हे:
फुटिरांना सांगा, बिनधास्त राहा. हुजूर पक्षाने २१ जणांना संसदीय पक्षातून काढलं. त्यात माजी अर्थमंत्री फिलिप हॅमंड, केन क्लार्क आणि चर्चिलचे नातू निकोलस सोम्स होते. पण खासदारकी एकाचीही गेली नाही. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर (तिनेच दहावं परिशिष्ट आलं) हे नाट्य दुसऱ्या अंकाआधीच संपलं असतं.

सदाशिवपेठी:
अविश्वासाबद्दल. तेव्हा लागू असलेल्या २०११ च्या कायद्याने (तो २०२२ मध्ये रद्द झाला) सरकार पडल्यावर १४ दिवसांत दुसरं उभं राहायला हवं होतं, नाहीतर निवडणूक. मतदानाचा दिवस सुचवणार पंतप्रधानच! ३१ ऑक्टोबरनंतरचा सुचवला की प्रचार चालू असतानाच देश बाहेर. विरोधी मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन काळजीवाहू पंतप्रधान व्हायला तयार होते, पण फुटिरांना आणि लिबरल डेमोक्रॅट्सना ते चालेनात. उलट जॉन्सनच निवडणूक मागत होते. त्याला दोन तृतीयांश म्हणजे ४३४ मतं लागत, ४ सप्टेंबरला २९८ पडली.

धागाकर्ती:
खूपच आभार, तालीम सुटली! एकच राहिलं: पंतप्रधानाने पत्र पाठवलंच नाही तर?

टेम्सकाठचा:
तर कोर्ट. संसद स्थगित करणं २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी बेकायदा ठरवलं होतं, त्यामुळे ती धास्ती खरी होती. आणि बेन कायद्यात पळवाट कमी ठेवली होती. १९ ऑक्टोबरपर्यंत सभागृहाने करार किंवा नो-डील यातलं काहीच मंजूर केलं नाही, तर ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदत मागायची. पत्राचा मजकूर कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला! जॉन्सन यांनी तो पाठवला, पण सही न करता. सोबत सहीचं दुसरं पत्र, की लांबणीवर टाकणं चूक आहे. संघाने मुदत दिली.

तालमीसाठी एक सुचवतो. कामकाजपत्रिकेचा खरा कागद सत्ताधारी गटनेत्याच्या हातात द्या. मतदानाने तो काढून घेतल्याशिवाय कुणालाही विधेयक मांडता येणार नाही, असा नियम करा. संवादांसाठी हॅन्सार्डमध्ये (संसदेच्या अधिकृत इतिवृत्तात) ३ आणि ४ सप्टेंबरची अख्खी चर्चा मोफत वाचता येते. सोम्स यांचं ४ तारखेचं भाषण छोटं आहे, मुलांना पाठ होईल.