घरच्या प्रसूतीसाठी बर्थ पूल घ्यावा का? आपले अनुभव लिहा

मोगरा, रेडिंग

लीड्सला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचे दुसरे बाळंतपण जवळ आले आहे. प्रसूती घरीच करायची हे तिचे आणि तिच्या नवऱ्याचे नक्की झाले आहे, पण त्यासाठी बर्थ पूल, म्हणजे कळांच्या वेळी गरम पाण्यात बसायचा मोठा हौद, आणावा की नाही यावर दोघांचे एकमत होत नाही. तिचे बोलणे ऐकताना माझ्या धाकटीच्या वेळी आमच्या घरात झालेली सगळी चर्चा आठवली, आणि वाटले की ज्यांनी ज्यांनी हा विचार केला आहे त्यांचे अनुभव एका जागी यावेत. पूल घेतलेल्यांनी लिहावे, आणि विचार करून न घेतलेल्यांनीही लिहावे.

माझ्यापुरते सांगायचे तर घरी प्रसूती करणे आणि पाण्यात बसणे हे दोन निर्णय मी वेगळे ठेवले होते. पहिल्या निर्णयासाठी 2011 साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला ‘बर्थप्लेस’ अभ्यास आम्ही नीट वाचला. त्यात कमी जोखमीच्या सुमारे 64,500 स्त्रियांच्या प्रसूती तपासल्या होत्या. ज्यांचे पहिले मूल नव्हते, त्यांनी घरी प्रसूती ठरवल्यामुळे बाळाचा धोका वाढल्याचे आढळले नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळ दगावण्याचे किंवा त्याला गंभीर इजा होण्याचे प्रमाण रुग्णालयात हजारी 5.3 होते, तर घरी 9.3 निघाले, शिवाय घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्के स्त्रियांना रुग्णालयात हलवावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांत हेच प्रमाण 12 टक्के होते. माझी पहिली प्रसूती रुग्णालयात सुखरूप झाली होती, त्यामुळे घराचा पर्याय आम्हाला योग्य वाटला.

पूल हवा होता तो कळांसाठी. घरी एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारे पाठीतले इंजेक्शन, मिळत नाही. मिडवाइफ (प्रशिक्षित सुईणी) गॅस अँड एअर, म्हणजे श्वासातून घ्यायचा वेदनाशामक वायू, घेऊन येतात, पण त्याने मला पहिल्या वेळी फक्त मळमळले होते. तेव्हा वेदना कमी करायला हातात राहते ते गरम पाणी, आणि त्याचा उपयोग होतो हे मी अनुभवाने सांगते. छातीपर्यंत पाण्यात बसले आणि ओटीपोटातला, कमरेतला ताण सैल झाला. कळ पूर्वीइतकीच जोराची होती, पण दोन कळांच्या मध्ये अंग पूर्ण विसावू लागले. जमिनीवर मला ते जमत नव्हते.

बाळ मात्र पाण्यात जन्मले नाही. शेवटच्या टप्प्यात मिडवाइफ दर पाच मिनिटांनी पाण्यात चालणाऱ्या यंत्राने बाळाचे ठोके ऐकत होत्या. ते कळेनंतर सावरायला वेळ घेऊ लागले, तेव्हा त्यांनी मला शांतपणे बाहेर यायला सांगितले. नवऱ्याने आणि दुसऱ्या मिडवाइफने दोन्ही बाजूंनी आधार दिला, मी उठले, आणि मुलगी पूलशेजारी अंथरलेल्या गादीवर झाली. ती लगेच रडली. बाहेर कसे यायचे, कोणी कोणता हात धरायचा, गादी कुठे अंथरायची, हे आम्ही घरात आधी करून पाहिले होते. म्हणून मावसबहिणीला मी एवढेच म्हणाले आहे की पूल जरूर घे, पण त्यातून उठून बाहेर येण्याची घराची आणि मनाची तयारी पूल आणण्याआधी कर.

पायवाट, मिल्टन कीन्स

मी स्थापत्य अभियंता असून बाप म्हणून लिहितो आहे. आमच्याकडे पूल वरच्या मजल्यावरच्या शयनगृहात ठेवावा अशी पत्नीची इच्छा होती, कारण तिथे तिला एकांत मिळाला असता. ब्रिटनमधल्या घरांचे मजले साधारणपणे चौरस मीटरला 150 किलोग्रॅम भार धरून आखलेले असतात. पूलमध्ये अर्धा मीटर पाणी भरले की तेवढ्या जागेवर चौरस मीटरला 500 किलोग्रॅम भार येतो, आणि त्यात आई, आधार देणारा माणूस, मिडवाइफ यांचे वजन वेगळेच. मजला लगेच कोसळतो असे नाही, पण जुन्या लाकडी तुळयांच्या घरात ही जोखीम मी घेतली नाही. आम्ही पूल तळमजल्यावर, काँक्रीटच्या जमिनीवर ठेवला आणि एकांतासाठी जाड पडदे लावले. ज्यांचे घर वरच्या मजल्यावर आहे त्यांनी पूल ठरवण्याआधी हा हिशेब जाणकाराकडून करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

अबोली, लेस्टर

मोगरा, ठोके मंदावल्याचे वाचताना माझाच श्वास अडकला होता. दोघीही सुखरूप आहात हे वाचून फार बरे वाटले.

माझा अनुभव अगदी लहान आहे. आम्ही पूल भाड्याने आणला, नवऱ्याने हवा भरून तो तयार ठेवला, नळाला बसणारा जोड दोनदा तपासला. तिसरी खेप असल्याने कळा इतक्या भरभर आल्या की पूल घोट्याएवढा भरेपर्यंत मुलगा झाला. सहाशे लिटरचा पूल मिनिटाला दहा लिटर पाणी देणाऱ्या बॉयलरवर भरायला एक तास लागतो, आणि ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी असते त्यांचे पाणी मध्येच गार होऊन आणखी थांबावे लागते. आधीच्या प्रसूती झटपट झाल्या असतील, तर हा तास मिळेल का याचा विचार आधी करावा.

कृष्णाकाठ, आइंडहोवन

नेदरलँड्समध्ये घरी प्रसूती हा आजही सर्वसाधारण पर्याय मानला जातो, त्यामुळे माझ्या शेजारणींना माझ्या निर्णयाचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते सांगलीच्या माहेरी. इथे विमा कंपनी प्रसूतीच्या सामानाचा खोका घरी पाठवते, मिडवाइफला वाकावे लागू नये म्हणून पलंगाच्या पायांखाली ठोकळे ठेवून तो उंच करावा लागतो, आणि बाळ झाल्यावर काही दिवस प्रशिक्षित मदतनीस घरी येऊन आई-बाळाची काळजी घेते. एवढी भक्कम व्यवस्था असल्यामुळे घराबद्दल मला शंका नव्हती.

पूल मात्र मी घेतला नाही. आमचा जिना इतका उभा आणि अरुंद आहे की रुग्णवाहिकेतून जायची वेळ आली तर त्या जिन्यावरून मला खाली नेणे हेच मोठे काम होते. त्यात भरलेला पूल खोलीची निम्मी जागा अडवून बसला असता तर माणसांना वळायलाही जागा उरली नसती. मिडवाइफने सुचवले की शॉवरखाली स्टुलावर बसून कमरेवर गरम पाणी घ्यावे. मी दोन-तीन तास तशीच बसले होते आणि मला पुरेसा आराम मिळाला. पाण्याचा गुण हवा असेल तर त्यासाठी पूलच लागतो असे नाही, हे कोणीतरी मला वेळेवर सांगितले याचा आनंद वाटतो.

साताऱ्याची आजी

लेकीच्या बाळंतपणासाठी मी ब्रिस्टलला गेले होते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून कानाला फडके बांधणाऱ्या, खोलीत शेगडी ठेवून ओवा-बाळंतशोपांची धुरी देणाऱ्या घरात मी वाढले. माझ्या आईची पाचही बाळंतपणे सुईणीच्या हातून घरी झाली, आणि त्यांतली दोन मुले जगली नाहीत. त्यामुळे घरी प्रसूती म्हटल्यावर मला कौतुक वाटले नाही, भीती वाटली. पाण्याचे ऐकल्यावर तर मी दोन दिवस नीट जेवले नाही.

मिडवाइफ 36व्या आठवड्यात घर पाहायला आल्या तेव्हा जावईबापूंनी माझे सगळे प्रश्न त्यांना इंग्रजीत विचारले. बाळ पाण्यात गुदमरणार नाही का, हा माझा पहिला प्रश्न होता. त्यांनी समजावले की तोपर्यंत बाळाला प्राणवायू नाळेतून मिळत असतो, निरोगी बाळ हवेचा स्पर्श झाल्यावर पहिला श्वास घेते, आणि म्हणूनच एकदा डोके पाण्याबाहेर आले तर ते परत पाण्याखाली जाऊ द्यायचे नाही. आपल्या आईला इतक्या आदराने कोणी कधी उत्तरे दिली नव्हती, असे लेक नंतर म्हणाली. नातू पाण्यात झाला. वार पडायच्या वेळी तिला बाहेर घेतले, कोरडे करून पांघरुणात गुंडाळले आणि मी तिला गरम खीर भरवली. मुलीने पूल घ्यायचे ठरवले असेल तर तिच्या आईला या भेटीच्या वेळी जवळ बसवा, एवढे मला सांगायचे आहे.

जुई, न्यू जर्सी

इथे परिस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली जाहीर केलेल्या मतानुसार निरोगी स्त्रीने पहिल्या, म्हणजे कळांच्या टप्प्यात पाण्यात बसायला हरकत नाही, पण बाळाचा जन्म पाण्यात न होता बाहेर व्हावा. मिडवाइफचे शिक्षण आणि परवाना यांचे नियमही राज्यागणिक बदलतात. मी हे दोन टप्पे वेगळे धरले, कळा पाण्यात सोसल्या आणि जोर करायची वेळ आली तेव्हा बाहेर आले. तो निर्णय आधीच झालेला असल्यामुळे ऐनवेळी मला काही ठरवावे लागले नाही.

सोनचाफा, कार्डिफ

मी येथे मिडवाइफ आहे, म्हणून काही गोष्टी नेमकेपणाने लिहिते. पाण्याचे तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही, आणि पाण्याचे व आईचे तापमान दर तासाला मोजायचे. आईला ताप आला, पाण्यात बाळाची शी दिसली, रक्तस्राव झाला किंवा ठोके बिघडले तर बाहेर यावेच लागते. पेथिडिनसारखे वेदनाशामक इंजेक्शन घेतल्यावर दोन तास पाण्यात उतरता येत नाही, कारण गुंगीत पाण्यात बसणे धोक्याचे असते.

पाण्यात जन्म सुरक्षित आहे का, याबद्दल आता पूर्वीपेक्षा ठोस माहिती उपलब्ध आहे. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या 26 संस्थांमधल्या 60,402 प्रसूतींचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. कळांच्या वेळी पाण्यात बसलेल्या कमी जोखमीच्या स्त्रियांपैकी ज्यांचे बाळ पाण्यातच जन्मले आणि ज्या जन्मापूर्वी बाहेर आल्या, अशांची त्यात तुलना होती. पाण्यात जन्म झाल्यामुळे आईला गंभीर फाटण्याचा किंवा बाळाला गंभीर त्रासाचा धोका वाढल्याचे आढळले नाही. नाळ ताणली जाऊन तुटण्याची शक्यता पाण्यात असते, म्हणून बाळाला वर घेताना आम्ही नाळेच्या लांबीकडे फार लक्ष देतो. आई-बाबांनी बाळाला घाईने ओढून छातीशी धरू नये.

निशिगंध, ऑक्सफर्ड

सोनचाफा, माझे पहिलेच बाळंतपण आहे आणि तपासणीत जीबीएस (ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस) हा बाळाला संसर्ग करू शकणारा जंतू निघाला आहे. पूलचा विचार सोडून द्यावा का?

सोनचाफा, कार्डिफ

निशिगंध, केवळ जीबीएसमुळे पाणी वर्ज्य होत नाही, पण कळा सुरू झाल्यावर शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि ती घरी देण्याची सोय सर्वत्र नसते. तुमच्या मिडवाइफशी याच आठवड्यात बोला. पहिली खेप असल्याने रुग्णालयाला जोडून असलेल्या मिडवाइफ विभागातल्या पूलचाही विचार करा. मोगरा यांनी सांगितलेल्या 2011च्या अभ्यासात पहिलटकरणींच्या बाळांचा वाढलेला धोका घरच्या प्रसूतीत दिसला होता, अशा विभागांत तो दिसला नव्हता. तिथे पाणीही मिळते आणि डॉक्टर त्याच इमारतीत असतात.

रंकाळा, कोल्हापूर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हे अनुभव पुण्या-मुंबईच्या मुलीही वाचतील, म्हणून लिहिणे आवश्यक वाटते. वर दिलेले इंग्लंडचे आकडे ज्या व्यवस्थेचे आहेत, त्या व्यवस्थेत जन्माच्या वेळी घरात दोन प्रशिक्षित मिडवाइफ असतात, त्या जवळच्या रुग्णालयाशी जोडलेल्या असतात आणि रुग्णवाहिका बोलावल्यावर प्रसूती विभाग वाट पाहत असतो. आपल्याकडे मिडवाइफसेवेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 2018 साली आली, आणि त्यांतही भर रुग्णालयातल्या सेवेवर आहे. महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 94.7 टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात. हे प्रमाण गाठायला किती वर्षे गेली आणि किती आयांचे जीव त्यामुळे वाचले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. पाण्याचा आराम हवा असेल तर ती सोय असलेल्या रुग्णालयात जा. इथे घरी हौदात प्रसूती करण्याचा आग्रह धरू नका. साताऱ्याच्या आजींनी आपल्या दोन भावंडांबद्दल लिहिले आहे, ते पुन्हा एकदा वाचा.

अबोली, लेस्टर

डॉक्टर, आपण हे लिहिले ते फार बरे केले. सोनचाफा, एक शंका आहे. माझ्यासारखी गत होऊ नये म्हणून पूल आदल्या आठवड्यातच भरून हीटरने गरम ठेवला तर चालतो का?

सोनचाफा, कार्डिफ

नाही, असे करू नये. 2014 साली इंग्लंडमध्ये घरच्या अशाच पूलमध्ये जन्मलेल्या बाळाला लिजिओनेला जंतूचा संसर्ग झाला होता, आणि त्यानंतर पंप व हीटर लावून आधीच भरून ठेवायचे पूल घरी वापरू नयेत असा इशारा आरोग्य यंत्रणेने दिला. उबदार साठलेले पाणी या जंतूला पोषक असते. पूल कळा सुरू झाल्यावरच, नवे अस्तर आणि नवा पाइप वापरून भरायचा. वेळ वाचवायचा असेल तर आधीच एकदा वेगळे अस्तर घालून जोड, पाइप आणि पाण्याचा दाब तपासून ठेवा, तो चाचणीचा पूल पूर्ण रिकामा करून कोरडा करा, आणि पाणी उपसायचा पंप कोणत्या मोरीला जोडायचा तेही त्याच दिवशी पाहून घ्या.

मोगरा, रेडिंग

सोनचाफा, हे उत्तर मी मावसबहिणीच्या नवऱ्याला जसेच्या तसे पाठवले आहे. त्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी 180 लिटरची आहे, त्यामुळे पूल लहान आकाराचा घ्यावा असे आता दोघांचेही मत झाले आहे. येत्या शनिवारी ते खालच्या खोलीत तो एकदा भरून पाहणार आहेत.