'तमाशा' बघून कुणी खरंच स्वतःसारखं जगायला लागतं का?

गोदाकाठ
इम्तियाज अलीचा 'तमाशा' (२०१५) बघून राजीनामा खरडायला बसणारे बरेच, आणि "असल्या सिनेमांनी पोरं बिघडवली" म्हणणारेही तितकेच. माझ्या मते दोघांनीही तो अर्धाच पाहिलाय.

न पाहिलेल्यांसाठी: वेद आणि तारा कॉर्सिकात भेटतात. खरी नावं सांगायची नाहीत असं ठरवून डॉन आणि मोना डार्लिंग बनून मनसोक्त हुंदडतात. चार वर्षांनी ती त्याला दिल्लीत गाठते, तर समोर टाय लावलेला, ठरलेली वाक्यं बोलणारा प्रॉडक्ट मॅनेजर! तो अंगठी पुढे करतो, ती नाही म्हणते.

सिनेमाचा जीव त्या नकारात आहे. आपण सोंग वठवतोय हे वेदला तोवर ठाऊकच नसतं, कारण सोंगाला सगळे टाळ्या देत असतात. सिनेमातून काही घ्यायचं असेल तर नकारापासून पुढचा भाग पुन्हा बघा. मग आपला एक साधा मंगळवार घ्या (सोमवार नको, सोमवारी सगळेच वैतागलेले असतात) आणि दिवसभरात सवयीने तोंडातून निघालेली वाक्यं रात्री जशीच्या तशी लिहा. "हो सर, करतो", "माझं काय, कुठेही चालेल". असे पाच-सहा दिवस. बहुतेकांचं इथे चुकतं: वाक्यांऐवजी "मी मुळात क्रिएटिव्ह आहे" असले गुण लिहून मोकळे होतात. ते नवीन सोंग झालं.

सातपूरकर
वही ठीक आहे हो, पण म्हण विसरलात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. वेदच्या डोक्यावर घराचा हप्ता दिसतो का? आईच्या शुगरच्या गोळ्या? वडिलांसमोर कथा सांगून होते आणि गडी थेट रंगमंचावर. मधली वर्षं गेली कुठे? सिनेमा नेमका तिथे कात्री लावतो, आणि नाशकातल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या पोराला जगायची असतात ती तीच वर्षं.

हिशेब सांगतो. घरखर्च महिना ३५,००० धरला तर सहा महिन्यांचे २,१०,००० वेगळे हवेत, हप्ता सोडून. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे आरोग्य विमा, नोकरीबरोबरच जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधी काढायची. आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, तोवर त्यांचा खर्च मिळत नाही; ते घड्याळ नोकरीत असतानाच सुरू झालेलं बरं. सलग ५ वर्षं भरायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. कायम कामगाराची ग्रॅच्युइटीही ५ वर्षांवर. चार वर्षं दहा महिने झालेत आणि स्वतःचा शोध लागला, तर तो शोध दोन महिने खिशात ठेवायचा.

रंगपीठ
सातपूरकर, हिशेब बिनचूक. पण नोकरी सोडणं हाच सिनेमाचा सल्ला आहे हे तुम्ही गृहीत धरलंत. त्यातला रिक्षावाला आठवा. गायक व्हायचं राहून गेलेला माणूस, पण गातोय. रिक्षा चालवता चालवता. सिनेमा बघून राजीनामा आठवतो, रिक्षावाला आठवत नाही, हा दोष बघणाऱ्याचा.

नाशकात संध्याकाळ मोकळी असेल तर हौशी रंगभूमी आहे. खर्चही बेताचा. दोन अंकी नाटकाला साधारण ४५ ते ६० दिवस तालीम, रोज रात्री आठ ते दहा. अडतं ते शिफ्टवर. दर आठवड्याला शिफ्ट फिरत असेल तर तीनपैकी एक आठवडा सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपारी कामावर गेलेला माणूस रात्री अकरालाच सुटणार. ६० दिवसांतले वीस गेले, आणि नाइटच्या आठवड्यात माणूस आला तरी अर्धा झोपेत. म्हणून शिफ्टवाल्याला मोठी भूमिका देऊ नये. मोजक्या प्रवेशांची द्यावी, त्याचे प्रवेश सलग बसवावेत, किंवा त्याला संगीत-प्रकाशाकडे घ्यावं. लोक उत्साहात नायकाची भूमिका घेतात, तिसऱ्या आठवड्यात गळतात आणि वर म्हणतात, माझ्यात ते नव्हतंच. ते होतं की नव्हतं हे कळायला वेळच मिळालेला नसतो.

कॉलेजरोड
ताराबद्दल कुणीच बोलत नाही ते! वेदला आरसा दाखवणं एवढंच तिचं काम. तिचं स्वतःचं सोंग कोणतं, सिनेमा विचारत नाही. मुलींनी यातून घ्यायचं काय, दुसऱ्याला दुरुस्त करायचं?

बतावणी
कॉलेजरोड यांच्याशी सहमत. शिवाय "खरा मी" या शब्दातच गडबड आहे. कॉर्सिकातला वेद तरी कुठे खरा? तो डॉन आहे, म्हणजे हिंदी सिनेमातलं उसनं पात्र.

आपल्याकडे 'तमाशा' म्हटलं की गण, गौळण, बतावणी, वग. वगातला सोंगाड्या राजाला तोंडावर मूर्ख म्हणतो आणि राजा ऐकून घेतो, कारण सोंगात आहे ना तो. सोंग उतरवून कोतवालीत तेच बोलला असता तर फटके. म्हणजे सोंग टाकलं की खरं बोलता येतं हे उलटं आहे, सोंगामुळेच खरं बोलता येतं. वेदला ऑफिसातलं सोंग नकोय, कारण ते त्याने निवडलेलं नाही. कॉर्सिकातलं त्याने निवडलं होतं.

गोदाकाठ
बतावणी, हे मान्य, आणि शेवटाकडचा प्रसंग याच्याशीच जुळतो. वेद लहानपणच्या कथेकऱ्याकडे जाऊन विचारतो, माझ्या गोष्टीत पुढे काय? म्हातारा खवळतो, स्वतःची गोष्ट मला काय विचारतोस! मग वेद घरी जाऊन वडिलांसमोर बसतो आणि भांडत नाही. एका माणसाची गोष्ट म्हणून सांगतो. "तुम्ही मला अडवलंत" असं म्हणाला असता तर वडील पहिल्याच वाक्याला उठून गेले असते.

सातपूरकर
हे मात्र उचलण्यासारखं आहे. पण तीन तास ऐकायला घरचे काही तिकीट काढून बसलेले नसतात. दहा मिनिटांत बसवा. आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका; "तुमच्यामुळे" हा शब्द जिथे येतो तिथे गोष्ट मोडते, तो काढा. दिवाळीत पाहुण्यांसमोर नको, वडील सेकंड शिफ्टवरून आल्या आल्या तर नकोच. रविवारी, जेवण झाल्यावर. आणि ते २,१०,००० कुठे ठेवलेत हेही त्याच गोष्टीत येऊ द्या. माझ्या ओळखीच्या वडिलांना शेवट तिथेच पटतो.

रंगपीठ
वडिलांना सोबत घेऊन तालमीला या की एकदा. खुर्च्या रिकाम्याच असतात.