पिकअप: नुसता एकच 'टक्', सेल्फ कधी घेतो, कधी नाही

नमस्कार मंडळी,

१९९४ ची टोयोटा पिकअप आहे. २२आर-ई इंजिन, पाच गिअर मॅन्युअल, फोर बाय फोर. किल्ली फिरवल्यावर कधी लगेच सुरू होते, तर कधी नुसता एकच 'टक्' आवाज येऊन सगळं शांत. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली की मध्येच केव्हातरी सेल्फ घेतो. उणे वीसमध्येही हेच आणि इंजिन गरम असतानाही हेच. बॅटरी नवीन आहे. गॅरेजवाले अख्खा स्टार्टर बदला म्हणतात. त्याआधी घरी काय तपासता येईल?

---

ताई,

इंजिन फिरत असतं पण पेटत नसतं, तर पेट्रोल आणि स्पार्कच्या मागे लागावं लागलं असतं. तुमचं इंजिन फिरतच नाही, तेव्हा तो सगळा भाग सोडा. 'कट-कट-कट' असा सलग आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. एकच ठळक 'टक्' म्हणजे सॉलेनॉइड (स्टार्टरवरचा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातोय, पण मोटरला करंट मिळत नाही.

अंधारात हेडलाइट लावून किल्ली फिरवा. 'टक्' होताना दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, केबल किंवा अर्थ (बॉडीला जाणारी निगेटिव्ह जोडणी) बघा. दिवे तसेच राहिले तर मोटर करंट ओढतच नाहीये.

पुढचं काम मल्टिमीटरचं, आणि किल्लीवर दुसरं माणूस हवं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ईएफआय (पेट्रोल इंजेक्शनचा) फ्यूज काढलेला, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आधी चार्ज करा. नवी बॅटरीसुद्धा उतरलेली असू शकते.

सेल्फ फिरत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटावर धरा. दुसरी पिन स्टार्टरच्या टर्मिनल ३० वर, म्हणजे जाड केबल येते त्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर केबल किंवा जोड खराब. तसंच निगेटिव्ह पोस्ट ते स्टार्टरची बॉडी, तिथे ०.३ च्या वर जाता कामा नये. क्लॅम्पखाली ०.०१ ओहमचा गंज असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. ओहमच्या सेटिंगवर साधा मीटर हे पकडू शकत नाही, म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

सगळ्यात महत्त्वाचं: नुसता 'टक्' होईल त्याच वेळी, किल्ली धरून ठेवून, मीटरची काळी पिन बॉडीवर धरून तीन रीडिंग घ्या. टर्मिनल ३०, टर्मिनल ५० (किल्लीकडून येणारी बारीक वायर) आणि सॉलेनॉइडमधून मोटरकडे जाणारा बोल्ट. किल्ली पाच-सात सेकंदांहून जास्त धरू नका, कॉइल तापते. गाडी नीट सुरू होत असताना घेतलेली रीडिंग या दोषाबद्दल काहीच सांगत नाहीत.

---

दादा, आज पकडलं.

> टर्मिनल ३०, टर्मिनल ५० आणि मोटरकडे जाणारा बोल्ट

अनुक्रमे १२.३, ११.२ आणि जवळपास शून्य. दिवे मंदावत नाहीत. सेल्फ घेतो तेव्हा पॉझिटिव्ह बाजूला ०.३ आणि अर्थला ०.१.

---

मग केबल, अर्थ, बॅटरी सगळं निर्दोष सुटलं. टर्मिनल ५० ला ८ व्होल्ट पुरतात, तुमच्याकडे ११ च्या वर आहेत. दोष सॉलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या कॉन्टॅक्टचा.

डेन्सोच्या या गिअर रिडक्शन स्टार्टरमध्ये प्लंजरच्या (सॉलेनॉइडमध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याच्या) टोकाला तांब्याची चकती असते. ती दोन कॉन्टॅक्टवर आपटते आणि मोटरला करंट जातो. दर वेळी ठिणगी पडून कॉन्टॅक्ट झिजतात, बहुधा एक दुसऱ्यापेक्षा जास्त. शेवटी प्लंजर पूर्ण आत जातो, 'टक्' होतं, पण चकती झिजलेल्या बाजूला टेकत नाही. चकती थोडी थोडी फिरत असते, म्हणून एखाद्या वेळी उंच भाग समोर येतो आणि सेल्फ घेतो. मोटर सहसा ठणठणीत असते. कॉन्टॅक्ट आणि प्लंजर सुटे मिळतात, पूर्ण स्टार्टरच्या मानाने अगदी स्वस्त.

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. टर्मिनल ३० कायम जिवंत असतं. पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. स्टार्टर खाली काढून सॉलेनॉइडच्या टोपणाचे तीन ८ मिमीचे स्क्रू सोडा. प्लंजर आणि स्प्रिंग बाहेर येते. कॉन्टॅक्टचे नट सोडण्याआधी वॉशर, इन्सुलेटर आणि ओ-रिंगचा क्रम दिसेल असे फोटो काढा. इन्सुलेटर चुकला तर थेट शॉर्ट.

दोन्ही कॉन्टॅक्ट आणि प्लंजर एकदमच बदला. खड्डे पडलेली जुनी चकती नवे कॉन्टॅक्ट लवकर खाते. नट हलके लावा, प्लंजर हाताने दाबून चकती दोन्हीकडे सारखी टेकते का बघा, मगच आवळा. इथे घाई केली की कॉन्टॅक्ट तिरका बसतो आणि तेच दुखणं परत येतं.

---

काकांकडून थोडी भर. स्टार्टरला हातोडीने ठोकून चालू करणं अडीअडचणीला ठीक, पण त्याने झिजलेलं तांबं भरून येत नाही.

कुणाकडे टर्मिनल ५० ला ८ व्होल्टपेक्षा कमी आले तर स्टार्टर खोलू नका. इग्निशन स्विच, स्टार्टर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), क्लच पेडलचा स्विच आणि मधले जोड तपासा. फोर बाय फोरला डॅशवर क्लच स्टार्ट कॅन्सलचं (क्लच न दाबता सेल्फ घेऊ देणारं) बटण असेल तर ते दाबून बघा. त्याने लगेच सेल्फ घेतला तर पेडलचा स्विच गेलाय. मात्र गाडी न्यूट्रलमध्येच हवी. गिअरमध्ये असली तर उडी मारेल.

स्विचेस ठीक असूनही व्होल्टेज कमीच असेल तर वेगळा रिले टाका. टर्मिनल ५० ची जुनी वायर रिलेच्या पिन ८६ ला, पिन ८५ अर्थला, रिलेच्याच पिन ३० ला बॅटरीपासून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून १२ गेजची वायर, आणि पिन ८७ पासून स्टार्टरच्या टर्मिनल ५० ला. रिले बॅटरीजवळ, पाणी उडणार नाही असा, पिना खाली करून बसवा.