लॅमिनेट म्हणजे नुसतं प्लॅस्टिक नव्हे

इथे वरच्या एका प्रतिक्रियेत कोणीतरी म्हटलंय की किचनच्या कपाटांच्या शटरवरचं (दारांवरचं) लॅमिनेट म्हणजे प्लॅस्टिकचा पत्रा. अहो, तो बहुतांशी कागद असतो! क्राफ्ट पेपरचे (जाड तपकिरी कागदाचे) थर फिनॉलिक रेझिन या राळेसारख्या चिकट द्रवात भिजवतात, वर मेलामाइन रेझिनमधला नक्षीचा कागद, आणि सगळं उष्णतेने व जबरदस्त दाबाने एकजीव करतात. सुताराकडचा उरलेला तुकडा आडवा धरून बघा, कडेला तपकिरी रेघ दिसेल.

पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाणार असाल तर दर्शनी बाजूला १ मिमी जाडीचं घ्या, आतून ०.८ चालतं. खरी मेख कडांना आहे. सिंकखालच्या शटरचं एज बँडिंग (कडेवर चिकटवलेली पट्टी) नीट नसेल तर पाणी आत शिरतं, प्लाय फुगतो आणि बोल मात्र लॅमिनेटला.

गाडीची पुढची काचही लॅमिनेटेडच. दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, त्यामुळे दगड बसला तरी काच अंगावर सांडत नाही.

आता मार्कशीट प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घ्यावी का, या प्रश्नाचं. अप्पा बळवंत चौकात काम चुटकीसरशी होईल, पण मूळ मार्कशीट किंवा खरेदीखत लॅमिनेट करू नका. गरम करून चिकटलेलं प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय सहसा निघत नाही, शिवाय त्यावर पुढे शिक्का मारायचा कुठे? झेरॉक्स खुशाल लॅमिनेट करा. दुकानातली थर्मल कागदाची (ज्यावर उष्णतेने अक्षरं उमटतात) वॉरंटीची पावती तर मुळीच नको, मशीनच्या उष्णतेने ती काळीठिक्कर पडते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.